एकेचाळीस नंबरच्या दोघी

हौसाक्का, भांडण अर्धवट टाकून निघून गेलात हे काही बरं केलं नाहीत. शेवटचा प्रश्न तुमचा होता. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि सिस्टरनं 'वेळ संपली' म्हणून मला वॉर्डाबाहेर काढलं. त्याला आठवडा झाला नाही तोच तुमच्या गावाहून, माल्याहून फोन आला. आता जिंकलं कोण हे ठरवायचं कुणी? पौडच्या एसटीत बसलो की मी अजून ओठातल्या ओठात तुम्हाला उत्तरं देतो आणि शेजारचा माणूस जरा सरकून बसतो.

फोन आला तेव्हा ऑफिसात होतो. जिन्यात जाऊन रडलो, मग तोंड धुऊन परत जागेवर बसलो. पण तुमच्याबद्दल लिहायला घेतलं की आधी हसूच येतं. तुमचं माझं सगळं सुरूच मुळी एका फजितीनं झालं होतं, आणि ती फजिती माझी होती.

अठ्ठ्याण्णव साल. मी हिंगोलीकडून नुकताच आलेलो. बावधनला एका खोलीत तिघे राहत होतो आणि पिरंगुटच्या पुढच्या त्या कारखान्यात मला हजेरी-कारकुनाचं काम मिळालं होतं. औषधाच्या बाटल्यांची झाकणं तयार व्हायची तिथे, आणि ती खोक्यांत भरायला तुम्ही तीस-पस्तीस बाया. आत येताना फळीवरचं आपलं पितळी टोकन काढायचं आणि माझ्या खिडकीत टाकायचं, की मी मस्टरवर हजेरी लावायची. पहिल्या दिवशी एकेचाळीस नंबरचं टोकन टाकलं ते उंच, दणकट, हनुवटीवर गोंदण असलेल्या बाईनं. दुसऱ्या दिवशी तेच टोकन एका किडकिडीत बाईनं टाकलं.

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"एकेचाळीस."

"एकेचाळीस नंबरच्या बाई काल आल्या होत्या. त्या वेगळ्या होत्या."

"व्हय, ती थोरली. आज ती शेरडं घिऊन रानात गेलीया, म्हून मी आले."

ती तुमची धाकटी जाऊ, तानुबाई. मला वाटलं, मोठी लबाडी पकडली. छाती पुढे काढून सुपरवायझरकडे गेलो. तो म्हणाला, "त्या टोकनाचा कधी खाडा पडलाय का? नाही ना? मग तू कशाला नाक खुपसतोस?" परत आलो तर पॅकिंगच्या सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः खिडकीत वाकलात. "काय रं हजेरीवाल्या, घरातनं एक मानूस कामाला पायजे ना? येतंय की रोज!"

तुमच्या दृष्टीनं त्यात चूक काहीच नव्हती. माल्यात भातलावणीला एकमेकांच्या खाचरात जायचं तर घरटी एक माणूस जातं. थोरली आली की धाकटी, सासू आली की सून, हे कुणी विचारत नाही. काम करणारे दोन हात आले की झालं. तुम्ही कारखान्यालाही तोच नियम लावला होता, आणि कारखान्यालाही तो गोड वाटत होता. मी मात्र सातव्या इयत्तेपासून वहीला दोन बाजूंनी समास आखणारा माणूस. मला झोप येईना. शेवटी मी एक केलं. ज्या दिवशी तानुबाई यायच्या त्या दिवशीच्या हजेरीखाली पेन्सिलीनं बारीक ठिपका द्यायला लागलो. कुणासाठी ते मलाही ठाऊक नव्हतं. खरी नोंद कुठेतरी असावी, एवढंच.

पुढे तुम्ही मला 'हजेरीवाल्या'वरून 'सुदाकर'वर आणलंत. मला खेकडा खायला शिकवलंत. कोरड्या मुलखातला माणूस मी, नांगी कशी फोडतात ते मला काय माहीत! रस्सा थेट मस्टरवर उडाला होता. त्या पानावरचा पिवळा डाग बघून पुढे कोर्टात जज्जसाहेबांनी "हे काय?" असं विचारलं, तेव्हा मी "चिंबोरी, साहेब" म्हणालो होतो. रेकॉर्डवर आलं असेल ते.

चार वर्षं अशी गेली. मग नवे मॅनेजर आले आणि पॅकिंग ठेकेदाराला द्यायचं ठरलं. एका शनिवारी तुम्हा सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि छापील कागद पुढे केले. 'मी राजीखुशीने काम सोडत आहे.' सोमवारपासून तेच टेबल, तीच झाकणं, फक्त धनी ठेकेदार आणि मागची सगळी वर्षं पुसलेली. बाया घाबरल्या. एकेकीचा अंगठा उठत गेला. तुमची पाळी आली तेव्हा कागद मीच वाचून दाखवला.

"मी सोडलंय व्हय काम?" तुम्ही विचारलंत.

"नाही."

"मंग सोडलं म्हून अंगठा कसा दिऊ? उद्या म्हणशीला, हौसा मेली म्हून अंगठा दे."

मॅनेजर लालेलाल झाले. सोमवारी फळीवर एकेचाळीसची खुंटी रिकामी होती. वॉचमन म्हणाला, "बाई, तुमचं नाव न्हाई." पत्र नाही, नोटीस नाही, भरपाई नाही, विचारपूस नाही. तुम्ही फाटकाबाहेरून माझ्या खिडकीकडे पाहिलंत आणि मी खाली मान घालून मस्टरचं पान उलटलं. त्या मान घालण्याबद्दल तुम्ही मला एका शब्दानं कधी बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं, आक्का. मला त्याची अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या वेळेला तुम्ही परत आलात, आणि या वेळी शेरडं घेऊन. फाटकात जाऊन मोठ्यानं विचारलंत, "कामावर घेता का?" वॉचमन नाही म्हणाला. तुम्ही समोर बांधावर बसलात. असं बारा दिवस. तानुबाई शेतात, तेव्हा फाटकावर बसलं तर शेरडं कोण राखणार, आणि शेरडं राखायला गेलं तर फाटकावर कोण जाणार, म्हणून तुम्ही दोन्ही कामं एकत्र उरकत होता. तेवढ्या दिवसांत तुमच्या शेरडांनी मॅनेजरांनी हौसेनं लावलेली शोभेची झाडं बुडख्यापर्यंत साफ केली. आम्ही आत खिडकीला चिकटून बघत होतो, ठेकेदारसुद्धा हसत होता.

तेराव्या दिवशी मी रजा टाकली आणि तुम्हाला पुण्याला वकीलबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी शांतपणे समजावलं. बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवस काम भरलं असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि वर नोकरीच्या वर्षांप्रमाणे भरपाई, हे दिल्याशिवाय कामगाराला असं कमी करता येत नाही. केलं तर ते काढणंच बेकायदा. वाटा दोन. सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे तक्रार करायची, तिथे समेट झाला नाही तर प्रकरण पुढे कोर्टात जातं. नाहीतर ही अनुचित कामगार प्रथा आहे म्हणून नव्वद दिवसांच्या आत थेट कामगार न्यायालयात जायचं. कोर्ट कामावर परत घ्यायला लावू शकतं, मधली वर्षं नोकरीत धरून, बुडालेल्या पगारासकट. नुकसानभरपाई घेऊन मिटवायची मुभाही आहे. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत.

"म्हंजी टोकन मिळंल का?"

"मिळेल," बाई म्हणाल्या. "पण दोनशे चाळीस दिवस सिद्ध करावे लागतील."

"मंग थेट कोर्टातच जाऊ. मला पैसं घिऊन घरी न्हाई बसायचं. मला माज्या टेबलाशी जायचंय."

केस चालली तीन वर्षं. लोक म्हणतात तारखांनी माणूस खचतो. तुम्ही तारखेला लग्नाला निघाल्यासारख्या निघायचात. कोर्टाच्या व्हरांड्यात फडकं सोडून भाकरी वाटायचात, त्यात समोरच्या पार्टीचा कारकूनही असायचा. एका तारखेच्या सकाळी शेळी व्याली आणि तुम्ही त्या पिलाचं नाव 'तारीख' ठेवलंत. पुढे तारखेला दोन करडं झाली तेव्हा तुम्ही वकीलबाईंना गंभीर चेहऱ्यानं सांगितलंत, "बाई, तारखंवर तारीख पडली."

कंपनीनं आधी म्हणणं दिलं की ही बाई आपणहून काम सोडून गेली. ते तुमच्या शेरडांनी हाणून पाडलं. वॉचमन कर्तव्यदक्ष होता. त्यानं फाटकाच्या नोंदवहीत रोज लिहिलं होतं, 'एकेचाळीस नंबरची बाई शेळ्यांसह कामावर हजर होण्यास आली, परत पाठवली, झाडांचे नुकसान.' बारा दिवस, बारा नोंदी. वकीलबाई ती वही वाचताना हसू आवरत नाही म्हणून पाणी प्यायल्या.

मग आला प्रश्न दिवसांचा. कोर्टानं मस्टर मागवलं आणि मला साक्षीचं समन्स आलं. मस्टर अजून माझ्याच कपाटात होतं. त्या वर्षाच्या तुमच्या टोकनावर दोनशे शहाण्णव हजेऱ्या होत्या, आणि त्यांतल्या बासष्टांखाली माझे ठिपके. मी खोडरबर विकत घेतला. पौडच्या स्टॅंडवर चहा पिताना तुम्हाला हळूच म्हणालो, "आक्का, ठिपके खोडून टाकतो. सगळे दिवस तुमचेच होतील. कोर्टात तानुबाईंचं नाव काढू नका."

चहाची बशी तशीच खाली ठेवलीत तुम्ही. "खोडू नगंस. ते दिस तानूचं हायेत. मी कशी घिऊ?"

"अहो, केस जाईल!"

"जाऊ दे. कुनी इचारलं तर मी सांगनार हाय."

आपलं भांडण तिथे सुरू झालं. मी तुम्हाला हट्टी म्हणालो, अडाणी म्हणालो. तुम्ही मला म्हणालात, "तू लई शिकलास, पर रबर घिऊन बसलास." त्या परतीच्या एसटीत आपण वेगवेगळ्या बाकांवर बसलो. खोडरबर आठवडाभर माझ्या खिशात होता आणि मी तो वापरला नाही. मला धीर झाला नाही म्हणून की तुमचं पटलं म्हणून, हे खरंच सांगता येत नाही.

उलटतपासणीत कंपनीच्या वकिलांनी नेमकं तेच विचारलं. "भातलावणीच्या दिवसांत तुम्ही कामावर नव्हता, खरं की खोटं?"

"खरं. तवा माजी जाऊ व्हती."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. समोरचे वकील खूश. "म्हणजे हजेरी खोटी!"

"खोटी कशी? खोकी भरल्याली हायेत की. मोजा."

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. मग मी पिंजऱ्यात उभा राहिलो. ठिपके दाखवले, ते का दिले ते सांगितलं, सुपरवायझरला सगळं माहीत होतं तेही सांगितलं. साहेबांनी मला बसून दोन तक्ते करायला लावले. एक तुमच्या दिवसांचा, एक 'अन्य व्यक्ती'च्या दिवसांचा. बेरीज केली. तुमचे दोनशे चौतीस. सहा कमी.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मात्र माझ्याकडे बघून डोळ्यांनीच 'असू दे' म्हणालात. आणि वकीलबाई उभ्या राहिल्या. भरपगारी सुट्ट्यासुद्धा कामाच्या दिवसांत धराव्या लागतात, त्या म्हणाल्या. झेंडावंदनाच्या, दिवाळीच्या, गणपतीच्या मिळून आठ. दोनशे बेचाळीस! तुम्हाला कुणीतरी समजावून सांगितलं तशा तुम्ही भर कोर्टात म्हणालात, "आगं बया, दिवाळीनं राखलं की!" पट्टेवाल्यानं 'शांत राहा' म्हटलं, पण तोही हसतच.

निकालात साहेबांनी लिहिलं की जी बदली व्यवस्थापनानं चार वर्षं डोळ्यांदेखत चालवून घेतली, तिचा आधार घेऊन आता कामगाराला काढता येणार नाही. आणि ज्या बाईनं स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट विचारल्यावर लपवली नाही, तिच्या बाकीच्या सांगण्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. म्हणजे माझा खोडरबर चालला असता तर आपण गेलोच होतो. हे तुमच्यासमोर तोंडानं कबूल करायचं राहिलं. करतो. तुमचं बरोबर होतं.

कंपनी वरच्या कोर्टात गेली, त्यात आणखी वर्ष गेलं. निकाल तिथेही तोच राहिला. ज्या दिवशी तुम्ही परत आलात तो दिवस मी कधी विसरणार नाही. साक्षीनंतर मला स्टोअरला टाकलं होतं, पण त्या सकाळी मी नव्या कारकुनाकडून पेन मागून घेतलं आणि खिडकीत बसलो. तुम्ही हिरवं नवं लुगडं नेसून आलात. वॉचमननं फाटक पुरतं उघडलं, अगदी ट्रकला उघडतात तसं. आतून बाया ओरडत होत्या. तुम्ही टोकन काढलंत, माझ्यासमोर आपटलंत आणि म्हणालात, "लाव." मला रेघ सरळ मारता आली नाही. तुम्ही वाकून बघितलंत आणि म्हणालात, "हितं बी रडतुयास व्हय?" आणि मग स्वतःच पदर डोळ्यांना लावलात. साठी होईपर्यंतची साडेतीन वर्षं तुम्ही त्या टेबलाशी काम केलंत. मी मधेच हिंजवडीकडच्या ऑफिसात लागलो, तरी रविवारी माल्याला यायचं चुकवलं नाही.

एक फरक पडला होता. कोर्टानं काम तुमच्या नावानं दिलं म्हणून तुम्ही तानुबाईंना परत कधी पाठवलं नाहीत. ताप असला तरी स्वतः जायचात. तानुबाई शेरडांमागे राहिल्या. आणि त्याचं तुमच्या मनात खुपत होतं ते त्या शेवटच्या भेटीत दवाखान्यात बाहेर आलं.

"माजं दिस मला मिळालं, सुदाकर. तानूचं कुटं गेलं?"

"आक्का, कायद्यात ज्याचं नाव मस्टरवर, त्याचे दिवस. तिचं नावच नव्हतं."

"मंग कायदा अर्धाच लिवलाय."

मी वैतागलो. आजारी माणसाशी कुणी वाद घालतं का, पण तुमच्याशी न घालणं जमायचं नाही. म्हणालो, "आता त्याला मी काय करू?" तुम्ही उशीवरून मान वळवलीत.

"मस्टर कोन लिवत व्हतं?"

आणि सिस्टर आली. वर मी म्हटलं की उत्तर द्यायला तोंड उघडलं. उघडलं होतं हे खरं, त्यात उत्तर नव्हतं.

परवा तुमच्या दहाव्याला आलो तेव्हा कोर्टातल्या त्या दुसऱ्या तक्त्याची कार्बन कॉपी घेऊन आलो. नदीवरचे विधी आटोपून सगळे अंगणात बसले होते. तक्त्याच्या डोक्यावरचं 'अन्य व्यक्ती' मी काट मारून काढलं आणि तिथे ठळक अक्षरात 'तानुबाई धोंडिबा मरगळे' असं लिहून कागद त्यांच्या हातात दिला.

"ह्ये काय?"

"तुमचे दिवस. बासष्ट आहेत. याचा उपयोग काही नाही, पण तुमचे आहेत."

त्यांनी कागद उलटसुलट केला आणि परत माझ्याकडे दिला. "वाच मंग."

मी पहिली तारीख वाचली. तानुबाई म्हणाल्या, "त्या दिशी थोरली नांदे गावाला गेल्ती. लेकीला पोरगी झाली ना." दुसरी वाचली. "लंगडी शेळी खांद्यावर घिऊन पौडाला, ढोराच्या डाक्टरकडं." जुलैतल्या ओळीनं चौदा वाचल्या. "खाचरात. गुडघाभर चिखलात, आन गानी म्हनत." मग एक मार्चमधली आली आणि तानुबाई उसळल्या. "मला म्हनली डोस्कं दुखतंय, तू जा! आन गेली जत्रंला, बांगड्या भरून आली! मी झाकणं भरत बसले तितं!" अंगणातली सगळी माणसं हसली, तुमचा लेक डोळे पुसत हसला. पुढे मी नुसत्या तारखा वाचत होतो आणि तानुबाई तुम्ही कुठे होता ते सांगत होत्या. कारखान्यात जे दिवस तुम्ही नव्हता, त्या सगळ्या दिवशी तुम्ही कुठे कुठे होता हे त्या एकटीला माहीत होतं.

शेवटच्या तारखेला अडलं. त्यांना आठवेना. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, वाचता येत नसूनही त्या ओळीकडे खूप वेळ पाहत राहिल्या.

"कुटंच गेली नसंल," त्या म्हणाल्या. "दमल्याली आसंल. मीच म्हनले आसंल, आज तू नीज, मी जाते."